गौरक्काच्या खोलीतला उजेड

माकडघरात शिरायच्या आधी दयानंद खोत खोकायचा. खोकला त्याला कधीच नव्हता, ती त्याची वर्दी होती. पत्र्याच्या दाराशी चपला काढायच्या, गमबूट चढवायचे, घसा खाकरायचा आणि मगच कडी सरकवायची. मग दोन्ही हातांत बादल्या घेऊन तो असा आत यायचा, की जणू विंगेतून नायकच आला! पिंजऱ्यांतून एकच गलका उठायचा. कुणी सळया वाजवायची, कुणी उलटी लटकून दात दाखवायची. असं स्वागत भल्याभल्यांच्या नशिबी नसतं, आणि दयानंदला ते रोज सकाळी मिळायचं.

"आलो, आलो गं बायांनो," तो म्हणायचा. "पंगत बसल्याबिगर वाढायचं नसतंय. बसा आधी."

बेंगळुरूच्या उत्तरेला एका जुन्या संशोधन संस्थेच्या आवारात, निलगिरीच्या रांगेमागे हे माकडघर होतं. आत दक्षिणेतली ती टोपीसारख्या केसांची माकडं होती, बहुतेक सगळ्या माद्या. माकडीण बाईसारखीच एकेक पिल्लू पोटात वाढवते आणि बाईसारखीच अडते. म्हणून गर्भाशय इतके महिने गप्प कसं राहतं आणि एके दिवशी कुणाच्या सांगण्यावरून जागं होतं, हे शोधणारे लोक इथे येत. त्यांची पुस्तकं झाली, नोकऱ्या झाल्या, केस पांढरे झाले. दयानंद मात्र बादल्या घेऊन तिथेच होता.

आता ते माकडघर मोडीत निघालं होतं. नवे प्रयोग थांबले होते, अर्धे पिंजरे रिकामे झाले होते. उरलेल्या माकडिणी दुसऱ्या राज्यातल्या आश्रयस्थानात जाणार होत्या आणि तिथे नर-माद्या वेगळ्या ठेवायचा नियम होता. म्हणजे या घराण्यात पुन्हा पिल्लू जन्मायचं नव्हतं. शेवटचं जे काय होतं ते गौरक्काच्या पोटात होतं.

गौरक्का हे नाव दयानंदचंच. कागदावर तिचा नंबर होता, पण डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडल्यासारखे दुभंगलेले आणि चेहरा असा, की देवळाच्या पायरीवर फुलांची टोपली घेऊन बसलेली एखादी कानडी म्हातारीच. तिची आधीची दोन्ही पिल्लं मेलेली जन्मली होती. यंदा पोट खाली उतरलं होतं, चाल जड झाली होती. निवृत्तीला थोडेच दिवस उरलेल्या दयानंदला आता एकच हवं होतं. तिच्या छातीशी एक जिवंत पोर बघायचं आणि मग गमबूट उतरवायचे.

यात त्याचं स्वतःचंही काही गुंतलेलं होतं.

दयानंद निपाणीकडचा. तरणा होता तेव्हा गावच्या जत्रेतल्या नाटकांत गॅसबत्त्या त्याच्या ताब्यात असत. पंप मारायचा, मँटलची जाळी सांभाळायची, बत्ती फुरफुरली की धावायचं. नटांनी कितीही घसा फोडला तरी बत्ती गेली की राजाही दिसत नाही आणि राणीही, हे त्याच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं. पुढे मथुरा त्याची बायको होऊन आली. तिला आई नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. त्यांच्या घरची रीत अशी, की बाईला कळा सुरू झाल्या की खोलीत दिवा लावायचा आणि मूल होऊन बारसं होईतो तो विझू द्यायचा नाही. दयानंदच्या आईने, तानूबाईने, दिवा लावला, तेल घातलं, "लक्ष ठेव गं," म्हणून सुनेला बजावलं आणि ती सुईणीला आणायला गेली. परत येऊन बघते तर खोलीत अंधार. पोर झाली ती रडलीच नाही.

"डोळा लागला म्हाराणीचा," तानूबाई म्हणाली. एकदा म्हणाली आणि मग मरेपर्यंत म्हणत राहिली. सणाला म्हणाली, पाहुण्यांत म्हणाली, बेंगळुरूला लेकाकडे राहायला आली तेव्हा शेजारणीला मोडक्या कानडीतही सांगितलं. मथुरेला पुन्हा मूल झालं नाही. ती कधी उलटून बोलली नाही. बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या खोलीत ती साड्यांना फॉल लावत बसायची. सासू गेली तरी तिच्या खांद्यांना आलेला बाक तसाच राहिला.

दयानंदने आईला कधी "पुरे" म्हटलं नाही. कारण आतून त्यालाही ते खरं वाटत होतं.

गौरक्काचा अभ्यास संयोगिताकडे होता. ती पुण्याची, पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यातली. माकडघरात मराठी बोलणारं कुणी भेटेल असं तिला वाटलं नव्हतं. पहिल्या दिवशी दयानंदने गौरक्काला "सरक की गं, बूड हलव," म्हटलेलं ऐकून ती इतकी हसली होती, की हातातली नळी पडता पडता राहिली. रोज सकाळी पिंजऱ्याखालच्या ताटलीत साठलेलं मूत्र दयानंद ड्रॉपरने बाटलीत भरून तिच्या हातात द्यायचा.

"काय म्हणतंय आमच्या गौरक्काचं पाणी?"

"अजून 'थांब' म्हणतंय, काका."

"आमच्या शेळ्यांचं बरं असतंय. सकाळी चरायला सोडली तर सांजच्याला तीनजणी मिळून परत येत्यात."

"शेळीचं सोपंय. प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक गर्भाशयाला गप्प ठेवतं. ते रक्तातून उतरलं की शेळी विते. माकडिणीत आणि बाईत ते उतरतच नाही. रक्त शेवटपर्यंत 'थांब, थांब' म्हणत राहतं, फक्त गर्भाशय ऐकेनासं होतं."

"असं होय! मग ते आमच्या घरातलंच झालं. मी थांब म्हणतोय आणि ही चालू पडती."

संयोगिता हसली. मग तिने समजावून सांगितलं, की सुरुवात आतलं पिल्लूच करतं. त्याच्या मूत्रपिंडावरच्या इवल्याशा ग्रंथीतून निरोप निघतो, वारेत पोचून त्याचं दुसरंच संप्रेरक बनतं आणि गर्भाशय हळूहळू तयार होऊ लागतं. संध्याकाळ झाली की पोट कडक होतं, सकाळी पुन्हा सैल पडतं. अशा बऱ्याच संध्याकाळी जातात.

"तालमीच म्हणा की," दयानंद म्हणाला.

"बरोब्बर, तालमीच. आणि मग एका रात्री एकदम खेळ."

त्याच आठवड्यात संयोगिताला बहिणीच्या लग्नासाठी पुण्याला जावं लागलं. निघताना ती म्हणाली, "काका, संध्याकाळचं खाणं देऊन तुम्ही घरी जायचं. लाइट टायमरवर आहेत, आपोआप बंद होतील. कॅमेरा अंधारातही बघतो, मी आल्यावर रेकॉर्डिंग बघीन. तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

दिवे का बंद व्हायचे ते तिने सांगितलं नाही. दयानंदला वाटलं, विजेची बचत. संस्थेत पंखेसुद्धा टायमरवर होते.

'काही करायचं नाही' ही मदत असू शकते, हे दयानंदच्या रक्तातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने शिवाजीनगरच्या बाजारातून चार्जिंगचा एक दिवा घेतला, कंदिलाच्या आकाराचा, दुधाळ काचेचा, आणि भाकरीच्या पिशवीत घालून आणला. फाटकावर पहाऱ्याला विश्वासराव होता. तो बेंगळुरूच्या जुन्या मराठा घराण्यातला. पूर्वज कुठल्या फौजेबरोबर आले ते त्याला पाठ होतं, पण मराठीत निम्मी कानडी मिसळल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे.

"एनु दयानंदण्णा, घरी नाही जायचं? अक्कानं हाकलून दिलं काय?"

"बाळंतीण हाय आत. बसतो जरा."

"अरे, आपली बायको बाळंतीण असताना लोक इतकं बसत नाहीत!" विश्वासराव फिदीफिदी हसला आणि मग दयानंदचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. "सरी, सरी. बस. साहेबांना मी काही सांगत नाही. स्वल्प चहा पाठवू?"

टायमर टक् झाला, माकडघर अंधारलं आणि दयानंदने दिवा लावला. गौरक्काच्या पिंजऱ्यासमोर बादली पालथी घालून तो बसला. दिवा असा ठेवला, की ती नीट दिसावी.

तिने आधी दिव्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. पोट आवळलं, तशी ती पुढे वाकली आणि तिने सळई धरली. दयानंदने श्वास रोखला. "ये गं बाई, ये. मी हाय न्हवं हितं," तो पुटपुटला. त्याच्याकडे बघता बघता तिची पकड ढिली झाली. पोट सैल पडलं. ती मागच्या कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. दयानंदने दिवा थोडा त्या बाजूला सरकवला.

दुसऱ्या संध्याकाळी हेच, आणि तिसऱ्याही. कळ यायची, वाढायची, आता होणार असं वाटायचं, ती मान वळवून उजेडाकडे बघायची आणि सगळं ओसरायचं. पहाटेच्या पहिल्या बसने तो घरी जायचा, अंघोळ करून परत यायचा. डोळे लाल झाले होते, पण मनात समाधान होतं. या वेळी दिवा विझलेला नव्हता.

"काय करताय वो तिथं?" मथुरेने विचारलं.

"जागतोय," तो म्हणाला. कशासाठी ते तिने विचारलं नाही. दिव्याचं तर त्याने सांगितलंच नाही.

नंतरच्या दिवशी गौरक्काने काकडीला तोंड लावलं नाही. संयोगिता त्या दुपारी हातावरच्या मेंदीसकट थेट माकडघरात आली. तिने आधी रेकॉर्डिंग लावलं. दयानंद तिच्या मागे उभा होता. पडद्यावर पिंजरा लख्ख दिसत होता, आणि पालथ्या बादलीवर बसलेली त्याची पाठही.

संयोगिताने रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा बघितलं. मग तिने विचारलं, "हा उजेड कसला, काका?"

त्याने सांगितलं. रीत सांगितली, दिवा दाखवला. तो दिवा तिने हातात घेतला, बंद केला आणि टेबलावर ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीत बसली.

"चूक माझी आहे. सांगायला हवं होतं मी."

"काय सांगायला हवं हुतं?"

"की माकडीण अंधारात विते. अंधार पडला की मेंदूतून मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सुटतं, कळा आणणारं ऑक्सिटोसिन चढतं आणि दोन्ही मिळून कळा वाढवतात. उजेड असला की ते दबतं. आणि कुणी बघतंय असं वाटलं, भीती वाटली, की अंगात सुटलेलं ॲड्रिनलिन गर्भाशयाला सैल सोडतं. जंगलात बिबट्या समोर असताना विऊन कसं चालेल?"

"म्हणजे मी बिबट्या," दयानंद म्हणाला.

"असं नका ना म्हणू. पिल्लाचं काही वाईट झालं असलं, तर त्यात आधीपासून काही दोषही असेल. तिची आधीची दोन्ही तशीच गेली. नक्की काहीच सांगता येत नाही."

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि मान हलवली. पिल्लाच्या काळजाचे ठोके लागत नव्हते. गौरक्का अशक्त झाली होती. भूल देऊन पोट उघडलं तर ती वाचेलच असं नव्हतं. एक रात्र वाट बघू, ते म्हणाले, आपसूक झालं तर बरं. त्या संध्याकाळी टायमर टक् झाला आणि माकडघरात कुणीही थांबलं नाही. दयानंद फाटकाबाहेरच्या बसथांब्यावर बसून राहिला. विश्वासरावने चहा आणून दिला. त्याला काही चेष्टा सुचली नाही, मग तोही शेजारी बसला.

अंधार मिळाला आणि गौरक्का त्याच रात्री व्याली. सकाळी दयानंद न खोकताच आत गेला. ती पुढच्या सळयांशी बसली होती. छातीशी पिल्लू धरलेलं, काळ्याभोर ओल्या केसांचं, बोटं मुडपलेलं. ती त्याचं डोकं चाटत होती. डोकं एका बाजूला पडायचं, ती ते सरळ करायची. पुन्हा पडायचं.

डॉक्टर म्हणाले, ते लवकर काढून घ्यावं लागेल, पोस्टमॉर्टेम करायचंय, शिवाय वासही सुटेल. पण ती कुणाला जवळ येऊ देत नव्हती. भुलीची सुई मारली तर या अवस्थेत तिचं हृदय थांबण्याची भीती होती.

"मी घेतो," दयानंद म्हणाला. "एक दिस तिच्यापाशी ऱ्हाऊ द्या. उद्या घेतो."

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा मथुरा खिडकीशी बसून एका जांभळ्या साडीला फॉल टाचत होती. त्याने पाय धुतले, पाणी प्यायला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दिवा, बादली, मेलाटोनिन म्हणताना जीभ अडखळली तरी तेही. आणि मग जे सांगायला तो आला होता ते.

"मथुरा, दिवा विझला म्हणून आपली पोर गेली न्हाई. अंधारच लागतोय म्हणं. म्याडम सांगत हुत्या. माणसाचंबी तसंच असतंय. तुझी काय चूक नव्हती."

मथुरेने सुई कापडात टोचून ठेवली. तो वाट बघत होता. ती रडेल, निदान एक मोठा श्वास तरी सोडेल, असं त्याला वाटलं होतं.

"विझला नव्हता त्यो," ती म्हणाली. "मी विझवला."

दयानंदने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"माझा डोळा लागला नव्हता. कळांत कुणाचा डोळा लागतोय वो? त्यो दिवा नुसता डोळ्यावर येत हुता. वाटायचं, कुणीतरी वाकून बघतंय. आत्याबाई बाहेर गेल्या आणि मी फुंकर मारली. अंधार झाला आणि कसं बरं वाटलं म्हणून सांगू! कळा नीट यायला लागल्या. पोर धडाधडा आली."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगू? 'आत्याबाई, डोळा नव्हता लागला, मीच विझवला' म्हणू? झोपली म्हणून ऐकून घेतलं. विझवला म्हटल्यावर तुमी घरात ठेवली असती मला?"

त्याला 'ठेवली असती' म्हणायचं होतं.

"अंधारच लागतोय, तर मी अंधार केला की," मथुरा म्हणाली. "म्याडमला विचारा. अंधार करूनबी ती का गेली?"

नक्की काहीच सांगता येत नाही, असं म्याडम म्हणाल्याच होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं खरं बोलली होती आणि त्यातून काही मोकळं झालं नव्हतं. उलट, आजवर दोष ठेवायला एक विझलेला दिवा तरी होता, आता तोही राहिला नाही. मथुरेने सुई पुन्हा उचलली. साडी सकाळी द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सुई भरूनच आले होते. संयोगिता दाराशी थांबली. "नाही जमलं तर राहू द्या काका," ती हळूच म्हणाली. "जमल," तो म्हणाला आणि गौरक्काच्या पिंजऱ्याची खिडकी उघडून त्याने हात आत घातला. तळहात वर करून, रिकामा.

गौरक्का मागच्या कोपऱ्यात होती. पिल्लाचे केस आता वाळून राठ झाले होते. तिने दयानंदच्या हाताकडे बघितलं, मग दारातल्या माणसांकडे, आणि पिल्लाला पोटाखाली दाबून ती आणखी मागे सरली.

"ये गं," दयानंद म्हणाला. "ये गौरक्का. मी हाय न्हवं."

हेच शब्द तो पालथ्या बादलीवर बसून म्हणाला होता. ते त्याला आठवलं. पण दुसरे शब्द त्याला येत नव्हते. डॉक्टरांनी सुई हातात घेतली. त्याने डावा हात मागे करून त्यांना थांबवलं आणि तेच शब्द पुन्हा म्हटले, मग पुन्हा.

ती आली. एका हाताने पिल्लू धरून, तीन पायांवर लंगडत पुढे आली आणि त्याच्या तळहाताशी बसली. सारखं डोकं सावरून तिची बोटं थकली असावीत. त्याने पिल्लाच्या पाठीखाली हात घातला, तिने धरून ठेवलं. तो थांबला. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, अगदी जवळून, आणि पकड सोडली.

हिसकावून घ्यावं लागलं असतं तर ते त्याला सोसलं असतं. तिने दिलं.

फडक्यात गुंडाळून त्याने ते संयोगिताच्या ओंजळीत ठेवलं. त्याला वजन असं नव्हतंच. ती ते घेऊन गेली. तिच्या मागे डॉक्टर गेले. दयानंदने खिडकी लावली. गौरक्का अजून तिथेच बसली होती आणि सळयांतून हात बाहेर काढून त्याच्या बाहीवरचं काहीतरी वेचत होती, एकेक केस बाजूला करून, मन लावून. तो हात मागे घेऊ शकला नाही. पलीकडच्या पिंजऱ्यांतून भुकेचा गलका सुरू झाला होता. तो तसाच उभा राहिला.